पडद्यावरची नेमबाजी : पातळी वाढते म्हणजे काय वाढते?



संध्याकाळच्या वेळी म्हापशाच्या बसस्थानकावर काय, किंवा खानापूर तालुक्यातील एखाद्या गावच्या पारावर काय, चारपाच मुले माना खाली घालून, दोन्ही अंगठे मोबाइलच्या काचेवर ठेवून बसलेली असतात आणि मधूनच त्यांतील एक जण ‘मागे आहे, मागे आहे’ असे ओरडतो, हे दृश्य आता कोणास नवीन राहिलेले नाही. मुले एकमेकांशी बोलत असतात, पण एकमेकांकडे पाहत नसतात. खेळ संपला की त्यांतील एखादा घरी जातो आणि मोठ्या उत्साहाने सांगतो, ‘बाबा, माझी लेव्हल वाढली.’ बाबा विचारतात, ‘म्हणजे नेमके काय वाढले?’ या प्रश्नाला मुलाजवळ सहसा उत्तर नसते, आणि बाबांजवळ तर नसतेच. आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता बुद्धिबळ, तारायंत्र आणि मानसशास्त्राची प्रयोगशाळा अशा पुष्कळ ठिकाणी फिरून यावे लागते.

या खेळांना इंग्रजीतून ‘शूटर’ असे म्हणतात. खेड्यापाड्यांतून मात्र ‘पबजी’ हे नाव सर्वांनाच लागू झाले आहे. हा खेळ संगणकावर २०१७ साली आणि मोबाइलवर २०१८ साली आला. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठी काढलेली आवृत्ती ‘बीजीएमआय’ या नावाने सुरू झाली. शंभरापर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि जो खेळाडू अगर जो चौघांचा चमू शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. याहून जुना आणि जाणकारांच्या मते अधिक कसाचा खेळ म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’. त्याचा जन्म १९९९ सालचा. त्यात पाच जणांविरुद्ध पाच जण असा सामना होतो. ‘हेलो’ या नावाच्या अमेरिकन खेळमालिकेचाही उल्लेख पुढे येणार आहे, कारण कौशल्य कसे वाढते याचा अभ्यास तिच्यावरून विशेष झाला आहे.

आता ‘लेव्हल’ या शब्दाकडे वळावयास हवे, कारण घोटाळ्याचे मूळ त्यातच आहे. एकाच खेळात खेळाडूच्या नावापुढे निरनिराळे आकडे लागत असतात आणि बोलताना त्या सर्वांची सरमिसळ होते. पहिला आकडा अनुभवाचा. सामना जिंका वा हरा, खेळलात की थोडेसे गुण मिळतातच. ते साठत जातात आणि पातळी वाढते. हा आकडा कधी खाली येत नाही. सरकारी नोकरीतील सेवाज्येष्ठतेसारखा तो आहे : माणूस किती वर्षे खुर्चीवर बसला हे त्यावरून कळते, काम कसे केले हे कळत नाही. मुले ज्याला लेव्हल म्हणतात तो पुष्कळदा हाच आकडा असतो, आणि त्याचा कौशल्याशी असलेला संबंध अगदी पातळ आहे.

दुसरा आकडा म्हणजे दर्जा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन आणि त्यापुढच्या पायऱ्या. हा दर्जा हंगामापुरता असतो; नवा हंगाम सुरू झाला की खेळाडूला काही पायऱ्या खाली उतरवले जाते आणि चढण पुन्हा सुरू होते. यात कौशल्याचा अंश आहे, परंतु किती सामने खेळले याचाही मोठा वाटा आहे. खालच्या पायऱ्यांवर तर समोरचे पुष्कळसे शत्रू माणसे नसतातच. ते संगणकाने चालविलेले बाहुले असतात. त्यांना टिपून मिळालेल्या यशाचा आनंद मुलाने अवश्य मानावा. मात्र त्यावरून स्वतःविषयी फार मोठे अनुमान काढू नये.

तिसरा आकडा बहुधा पडद्यावर दिसतच नाही. कोणाला कोणाशी खेळावयास लावायचे हे ठरविण्यासाठी खेळ चालविणारी यंत्रणा प्रत्येक खेळाडूच्या कौशल्याचा एक अंदाज मनात, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत, बाळगून असते. खरी वाढ पाहावयाची तर ती येथे.

या तिसऱ्या आकड्याची कुळकथा बुद्धिबळातली आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाड एलो हे स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. खेळाडूंचे बळ आकड्यात मांडण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. पद्धत समजण्यास अवघड नाही. दोघांचे गुण सारखे असतील तर दोघांची जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. एकाचे गुण दोनशेने अधिक असतील तर त्याने शंभरांतले सुमारे ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. चारशेने अधिक असतील तर सुमारे ९१. सामना झाल्यावर अपेक्षा आणि निकाल यांची तुलना होते व जो फरक निघेल त्या प्रमाणात गुण इकडून तिकडे जातात. समजा, एकाचे १५०० व दुसऱ्याचे १७०० गुण आहेत आणि बदलाचा गुणक ३२ धरला आहे. १७०० वाला जिंकला तर त्यास फक्त ८ गुण मिळतील, कारण तो जिंकणार हे अपेक्षितच होते. १५०० वाला जिंकला तर मात्र त्यास २४ मिळतील. म्हणजे अपेक्षेबाहेरच्या विजयाला मोल अधिक.

या पद्धतीत एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा आकडा स्वतःचा नसतो. तो इतरांच्या तुलनेतला असतो. गावच्या तळ्याचे पाणी वाढले तर त्यातल्या सगळ्याच होड्या वर येतात, पण कोणती होडी कोणाहून उंच हे बदलत नाही. सारे खेळाडू एकसारखे सुधारले तर कोणाचाच आकडा हलणार नाही. नवशिके कंटाळून खेळ सोडून गेले आणि कसलेले तेवढे उरले, तर पूर्वीइतकाच चांगला खेळणारा मुलगा खाली घसरलेला दिसेल. ‘वर्षभर खेळतोय, तरी आहे तिथेच आहे’ ही तक्रार करणारा मुलगा प्रत्यक्षात पुष्कळ सुधारलेला असू शकतो. त्याच्याबरोबर सारा तलावच वर चढला आहे.

एलो यांची पद्धत दोघांच्या खेळासाठी होती. चौघांच्या वा आठांच्या चमूंसाठी ती अपुरी पडली. तेव्हा मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधन शाखेतील राल्फ हेर्ब्रिख, टॉम मिंका आणि थोरे ग्रेपेल यांनी ‘ट्रूस्किल’ नावाची पद्धत सिद्ध केली व २००५ सालापासून ती त्या कंपनीच्या खेळयंत्रावर वापरात आली. हिची खुबी अशी की ती प्रत्येक खेळाडूविषयी दोन आकडे ठेवते. एक, त्याचे कौशल्य किती असावे याचा अंदाज. आणि दुसरा, त्या अंदाजाविषयी यंत्रणेला असलेली शंका. नव्या खेळाडूचा अंदाज २५ धरतात आणि शंका त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे ८.३३. मूळ मांडणीप्रमाणे खेळाडूला दाखवावयाची पातळी म्हणजे अंदाजातून तिप्पट शंका वजा करून येणारा आकडा. नव्या खेळाडूच्या बाबतीत पंचवीसमधून पंचवीस गेले, बाकी शून्य. खेळाडू शून्यापासून सुरू करतो.

येथे थोडे थांबावयास हवे. समजा, एक मुलगा बरेच सामने खेळला, निम्मे जिंकला, निम्मे हरला. अंदाज होता तसाच राहिला : पंचवीस. परंतु इतके सामने पाहिल्यामुळे यंत्रणेची शंका कमी होऊन तीनवर आली. आता पंचवीसमधून नऊ वजा करावयाचे, म्हणजे त्याची पातळी सोळा झाली. शून्यापासून सोळापर्यंत तो चढला आणि त्याच्या कौशल्यात तसूभरही वाढ झालेली नाही! वाढली ती यंत्रणेची खात्री. नव्या खेळाडूला पहिल्या काही दिवसांत जी झपाट्याची प्रगती झाल्यासारखी वाटते, तिच्यात या हिशेबाचा भाग असू शकतो. मुलाला हे सांगून त्याचा हिरमोड करावा असे नव्हे. पण शिक्षकाने गुणपत्रिका वाचावी तशा काळजीने हा आकडा वाचावा, एवढे मात्र खरे.

यंत्रणेचे दुसरे काम म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्धी गाठून देणे. सामना तुल्यबळ व्हावा, कोणासही सहज जिंकता येऊ नये, सहज हरताही येऊ नये, असा तिचा प्रयत्न असतो. परिणाम असा की खेळाडू जसजसा सुधारतो तसतसे त्याच्यासमोर अधिक चांगले लोक येतात आणि तो पुन्हा निम्मेच सामने जिंकतो. आखाड्यात कालपर्यंत ज्याला चीत केले त्याच्याशी आज कुस्ती लागतच नाही. वस्ताद आज आणखी वजनदार गडी पुढे करतो. यामुळे सुधारणा खेळणाऱ्याला जाणवत नाही. जिंकल्यावर ‘आणखी एक’ आणि हरल्यावर ‘आता वचपा काढायचा म्हणून आणखी एक’, असे रात्रीचे दोन वाजतात. हा केवळ मुलाच्या स्वभावाचा दोष मानणे न्यायाचे होणार नाही. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने पारडे सतत समतोल ठेवणारा एक अदृश्य हात तेथे काम करीत असतो.

हे झाले मोजमापाचे. प्रत्यक्षात सुधारते ते काय?

सर्वसाधारण समज असा की नेमबाजीच्या खेळात हात चपळ होतो. तो होतो हे खरेच आहे. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार या दोहोंवर ठरतो. लक्ष्य दुप्पट दूर नेले किंवा अर्ध्याने लहान केले तर वेळ साधारण सारख्याच टप्प्याने वाढतो. सरावाने हा वेळ कमी होतो, अंगठ्याला काचेवरची अंतरे ‘पाठ’ होतात. प्रत्येक बंदुकीला मागे हिसका बसतो आणि नेम वर सरकतो. तो किती सरकतो हे हाताला माहीत झाले की बोट आपोआप उलट दिशेने ओढले जाते. परंतु चपळाईला मर्यादा आहे. डोळ्यांनी दिसले आणि बोट हलले, एवढ्या साध्या क्रियेलाही निरोगी तरुणास सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतोच. वर्षानुवर्षे खेळूनही हा काळ फारसा खाली येत नाही.

मग कसलेला खेळाडू इतका आधी गोळी कशी झाडतो? त्याचे उत्तर असे की शत्रू दिसण्यापूर्वीच त्याचा नेम तेथे असतो. काउंटर-स्ट्राइक खेळणारा नवशिका कोपरा वळताना नेम जमिनीकडे ठेवतो. शत्रू दिसला की मग वर उचलतो. अनुभवी खेळाडू कोपरा वळण्याआधीच, माणसाचे डोके जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्या उंचीवर नेम धरून चालतो. त्याला हात हलवावाच लागत नाही. फक्त बोट दाबावे लागते. पावलांचा आवाज कोठून आला, मघाशी या बाजूने किती जण गेले, शत्रूजवळ या घटकेला कोणते शस्त्र परवडण्यासारखे असेल, हे सारे त्याने आधीच ताडलेले असते. म्हणजे त्याची गती बोटात कमी आणि अंदाजात अधिक.

ज्ञानाचा हा प्रकार बुद्धिबळात पूर्वीच ओळखला गेला होता. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखविली असता उत्तम खेळाडू बहुतेक मोहरी अचूक सांगू शकला. नवशिक्यास थोडीच आठवली. पण तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली तेव्हा उत्तम खेळाडूचे ते वर्चस्व नाहीसे झाले. त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती; त्याला सुटी मोहरी न दिसता अर्थपूर्ण पुंजके दिसत होते.

त्याहूनही जुना आणि या विषयाला अधिक लागू पडणारा अभ्यास तारबाबूंचा आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी १८९७ व १८९९ साली तो प्रसिद्ध केला. हार्टर स्वतः पूर्वी तारखात्यात काम केलेले गृहस्थ होते. शिकाऊ उमेदवार तार पाठविण्यास व घेण्यास कसा शिकतो, त्याची दर आठवड्याची गती त्यांनी आलेखावर मांडली. पाठविण्याची रेषा बऱ्यापैकी सरळ चढत गेली. घेण्याची रेषा मात्र थोडी चढून आडवी झाली, आठवड्यामागून आठवडे आडवीच राहिली आणि मग एकाएकी पुन्हा चढू लागली. या आडव्या भागास त्यांनी पठार म्हटले. त्यांचे स्पष्टीकरण असे की प्रथम उमेदवार एकेक अक्षर ऐकतो. अक्षरे अंगवळणी पडेपर्यंत शब्द ऐकू येत नाहीत. आणि शब्द अंगवळणी पडेपर्यंत वाक्यांश ऐकू येत नाहीत. पठारावर काहीच घडत नाही असे वरून दिसते, पण खाली पुढच्या पायरीची तयारी चालू असते. पुढे काही संशोधकांना तारायंत्राच्या शिक्षणात असे पठार आढळले नाही, हेही येथे नमूद करणे उचित होईल. पण अक्षरापासून वाक्यांशापर्यंतच्या प्रवासाची कल्पना टिकून आहे. देवळातल्या भजनात पखवाज शिकणाऱ्या मुलाला प्रथम ‘धा’ वेगळा आणि ‘दिं’ वेगळा वाजवावा लागतो. काही महिन्यांनी ‘धा धा दिं ता’ हा एकच श्वास होतो. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण तारबाबूंची ही शिडी पडद्यावरच्या नेमबाजीत जशीच्या तशी उभी आहे. चालणे, वळणे, नेम धरणे, गोळी झाडणे या चार गोष्टी नवशिक्याला चार वाटतात. मुरलेल्याला त्या एक वाटतात, आणि त्यामुळे त्याचे मन सोबत्यांशी बोलण्यास आणि पुढचा बेत करण्यास मोकळे राहते.

वाढीचा एकंदर आकार कसा असतो, यासंबंधी ॲलन न्यूवेल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ साली निरनिराळ्या कामांची आकडेवारी एकत्र करून दाखविले की सुरुवातीस सुधारणा वेगाने होते आणि नंतर तितक्याच सुधारणेसाठी कितीतरी अधिक सराव लागतो. विडी वळणे असो वा आकडेमोड, हाच प्रकार. पहिल्या शंभर सामन्यांत जे मिळाले तेवढेच पुन्हा मिळविण्यास शंभर सामने पुरत नाहीत. गोल्डपासून प्लॅटिनमपर्यंत आठवड्यात पोचलेला मुलगा पुढची पायरी आठवड्यात येईल असे धरून चालतो आणि ती आली नाही की जागरण वाढवतो. चूक येथेच होते.

जागरणाने ही चढण लवकर चढता येते काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘हेलो : रीच’ या खेळातील सात महिन्यांची नोंद तपासण्यात आली आणि खेळाडूंचा ट्रूस्किल आकडा सामन्यागणिक कसा बदलला हे पाहण्यात आले. पुष्कळ खेळणाऱ्यांची एकंदर वाढ अधिक झाली, यात नवल नाही. पण दर सामन्यामागे किती शिकले असे पाहिले तेव्हा आठवड्यातून मोजके सामने खेळणारे पुढे निघाले. शेफील्ड विद्यापीठातील टॉम स्टॅफर्ड यांनी २०१४ मध्ये ‘ॲक्सॉन’ नावाच्या एका साध्या संगणकीय खेळाच्या ८,५४,०६४ खेळाडूंची नोंद तपासली. तो नेमबाजीचा खेळ नव्हे, पण हात आणि डोळा यांचाच खेळ होता. सुरुवातीचे डाव एकाच बैठकीत उरकणाऱ्यांपेक्षा ते एका दिवसाहून अधिक काळात पसरून खेळणाऱ्यांचे पुढचे गुण अधिक भरले. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की आरंभी ज्यांचे गुण फार खालीवर होत होते, म्हणजे जे निरनिराळे काही करून पाहत होते, ते पुढे अधिक चढले. पहिल्या दिवसापासून एकच ठरावीक युक्ती धरून बसणारे मागे पडले.

झोपेचा संबंधही दाखवून देण्यात आला आहे. मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा सराव लोकांना दिला. रात्रीच्या झोपेनंतर, मधल्या काळात काहीही सराव न करता, त्यांची गती सुमारे २० टक्क्यांनी वाढली. तेवढाच काळ जागे राहिलेल्यांची वाढली नाही. ज्या झोपेच्या वेळात मुलगा आपली पातळी वाढवू पाहतो, त्याच वेळात ती वाढावयाची असते.

सरावाच्या तासांविषयी ‘दहा हजार तास’ हा आकडा फार बोकाळला आहे. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासात आहे. परंतु तो वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा केवळ सरासरी अंदाज होता, आणि त्यात मोजलेले तास वाजविण्याचे नव्हते तर एकट्याने, उणीव हेरून, ती दूर करण्यासाठी केलेल्या सरावाचे होते. असे दहा हजार तास कोणी पूर्ण केले म्हणजे तो वाकबगार झालाच, असे एरिक्सन यांनी कधी म्हटले नाही. नेमबाजीच्या खेळात हाच भेद लागू करून पाहावा. एक मुलगा रोज चार तास सामने खेळतो. दुसरा तासभर खेळतो, मग आपल्याच सामन्याचे चित्रण लावून पाहतो की आपण कोठे आणि का मेलो. आणि पंधरा मिनिटे केवळ एका बंदुकीचा हिसका आवरण्याचा सराव करतो. पहिला खेळतो, दुसरा शिकतो. व्यावसायिक चमू दुसऱ्या प्रकारे चालतात. त्यांच्याकडे प्रशिक्षक असतात आणि हरलेला सामना पुन्हा पुन्हा पाहिला जातो.

ग्रामीण भागातील मुलांची एक अडचण येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिचा दोष त्यांच्या कौशल्याला लावला जातो. बोट दाबल्यापासून दूरच्या संगणकाला ते कळून उत्तर येईपर्यंत जो वेळ जातो त्यास ‘पिंग’ म्हणतात. टॉवर दूर असेल, घाटाची आड असेल, तर हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक होतो. वर सांगितल्याप्रमाणे माणसाची दृष्टीपासून बोटापर्यंतची क्रियाच सेकंदाच्या पाचव्या भागात होत असेल, तर ही उशीर किती भारी आहे याचा अंदाज यावा. ही दरी कितीही सरावाने भरून निघत नाही.

पडद्यावरचे कौशल्य खऱ्या जगात कितपत उपयोगी पडते? कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो आणि कित्येक किलो वजनाची रायफल गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने अशी तीन प्रकारे स्थिर धरावयाची असते. तेथे श्वास, नाडी आणि स्नायू यांचा संयम हेच कौशल्य. अंगठ्याने काच घासण्याशी त्याचे नाव सोडून काही साम्य नाही. कौशल्य सहसा आपल्या वाफ्यातच रुजते. अपवाद आहेत : १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांनी ‘स्पेस फोर्ट्रेस’ हा खेळ दहा तास, ठरवून दिलेल्या पद्धतीने खेळल्यावर त्यांचे प्रत्यक्ष उड्डाण सरस झाले. पण तो खेळच प्रयोगशाळेत रचलेला होता. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलिये यांनी २००३ साली असे मांडले की युद्धाचा खेळ दहा दिवस रोज तासभर खेळल्याने दृष्टीचे अवधान सुधारते. त्यांच्या पद्धतीवर नंतर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही.

उदरनिर्वाहाचा प्रश्नही पुष्कळ घरांतून निघतो. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडेला, म्हणजे नियमबद्ध स्पर्धेला, मान्यता दिली. मार्ग बंद नाही, पण अरुंद आहे, आणि वयाचाही विचार करावा लागतो. कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ या युद्धनीतीच्या खेळाच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंची नोंद तपासली, तेव्हा पाहून कृती करण्याची गती वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच मंदावू लागलेली आढळली. शाळा सोडून या मार्गाला लागू पाहणाऱ्या मुलाच्या पालकांनी त्याच्या अनुभवाच्या पातळीचा आकडा विचारू नये; माणसांविरुद्धच्या सामन्यांत, सारख्या बळाच्या चमूशी, गेल्या तीन महिन्यांत काय झाले ते विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची, खेळाच्या अतिरेकाला विकार म्हणून नोंदणारी रोगसूची १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीत तासांची मर्यादा दिलेली नाही. ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान होत असूनही चालूच राहणे, आणि हे साधारणतः वर्षभर टिकणे, ही तिची लक्षणे आहेत. उत्तम खेळणारा आणि विकार जडलेला या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, आणि शिक्षकांनी त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

फेब्रुवारी-मार्च आला की दहावीच्या मुलाचा मोबाइल कपाटात जातो. त्या वेळी घरोघर जो तंटा होतो त्यात मुलाची खरी भीती निराळीच असते : महिनाभर हात सुटला तर मिळविलेले सारे जाईल. ‘हेलो : रीच’च्या त्याच नोंदीत खेळातून सुटी घेतलेल्यांचाही तपास आहे. एकदोन दिवसांच्या सुटीने कौशल्यात जी घट दिसली ती परतल्यावर लगेच भरून निघाली. सुटी जितकी लांब तितकी घट मोठी आणि ती भरून येण्यास वेळ अधिक, पण कोरी पाटी कोणाचीही झाली नाही. हंगाम बदलल्यामुळे मुलाचा दर्जा उतरलेला दिसेल. तो कपाटाबाहेर मोबाइल असता तरी उतरलाच असता. कोपरा वळताना नेम किती उंचीवर धरावा, हे तो परीक्षेनंतरही विसरलेला नसतो.